सलूनच्या भिंतीवरचं जग

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की मला कसर लागली आहे. अंगभर बारीक बारीक भोकं आहेत ना, म्हणून. पण ती किड्यांनी पाडलेली नाहीत. ती टाचण्यांची आहेत आणि एकेका भोकामागे कुठलं तरी गाव आहे. मी जगाचा एक जुना नकाशा. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला, दारापेक्षा थोडा रुंद.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे माझ्या अंगावर एकेक रंग चढत गेला. आधी समुद्राचा निळा, मग देशांचे रंग: गुलाबी, पिवळा, हिरवा, नारंगी, जांभळा. प्रत्येक रंगानंतर मला दोरीवर वाळत घालत. खिडकीतून वारा आला की मी झुलायचो, आणि तेव्हाच मला माझं पहिलं स्वप्न पडलं. माझे सगळे समुद्र हलू लागले आहेत आणि बेटांच्या कडा भिजत आहेत. जागा झालो तेव्हा रंग वाळला होता आणि समुद्र जागच्या जागी होते. मला थोडं वाईटच वाटलं.

पुढची काही वर्षं मी एका शाळेत काढली. भूगोलाचे मास्तर माझ्यावर छडी टेकवून देश दाखवत. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मास्तर, जांभळ्या देशातली मातीपण जांभळी असते का हो?" अख्खा वर्ग खो खो हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मोठी झालीस की जाऊन बघ आणि मला येऊन सांग." असे होते आमचे मास्तर. ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास शाळेत नवा, चकचकीत नकाशा आला. मला अडगळीच्या खोलीत टाकलं. मास्तरांना ते पाहवलं नाही. मला काखोटीला मारून ते निघाले, ते थेट त्यांच्या नेहमीच्या दाढीच्या दुकानात.

"मामा, तुमच्या भिंतीची ओल झाकायला अख्खं जग आणलंय," ते दारातूनच म्हणाले.

मामा म्हणजे त्या सलूनचे मालक. ते कुणाचे सख्खे मामा होते देव जाणे, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मामी. मामांनी हातातला वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासता घासता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जग ओल धरेल की हो!"

"धरू दे. तीन हिस्से पाणीच आहे ते."

अशा रीतीने मी आरशासमोरच्या भिंतीवर लागलो. मित्रांनो, ती जागा मला फार आवडली. दुकानात एक उंच खुर्ची होती, वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक होता आणि मागच्या दारापलीकडे मामांचं घर. सकाळी गरम टॉवेलांची वाफ उठे. ती माझ्या कागदात शिरे आणि मी हळूच फुगत असे. साबणाच्या वासात, कात्रीच्या कचकच आवाजात मला सारखी पेंग यायची. समोरच्या आरशात मला उलटं जग दिसायचं. पूर्वेचे देश पश्चिमेला, पश्चिमेचे पूर्वेला. त्या उलट्या जगात मी तासन्‌तास हरवून जायचो. खुर्चीतली माणसंही डोळे मिटून आरशातल्या माझ्या समुद्रावर तरंगत असावीत, असं मला वाटे.

मग एके दिवशी दुपारच्या बातम्या लागल्या. गल्लीच्या तोंडाशी भट्टी असलेला पाववाला तोंडाला फेस लावून खुर्चीत बसला होता. रेडिओवरचा माणूस शांतपणे सांगत होता की पिवळ्या देशाच्या फौजा हिरव्या देशात घुसल्या आहेत. (तो अर्थात देशांची नावं घेत होता. मी मात्र त्यांना रंगांनीच ओळखतो.) मामांचा हात हवेतच थांबला. पाववाला म्हणाला, "मामा, आटपा हो. भट्टीत पाव आहेत. युद्ध काय, लांब आहे."

मास्तर बाकावरून उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी बोट ठेवून पाहिलं. हिरवा देश आणि आमचा गुलाबी देश यांच्यामध्ये त्यांचं एकच बोट मावत होतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी मामीच्या लोकरीच्या टोपलीतून लाल लोकर आणली. मास्तरांनी टाचण्या आणल्या. जिथे फौजा भिडल्या होत्या तिथे टाचण्या रोवून त्यांच्यावरून धागा ताणला. पहिली टाचणी टोचली तेव्हा मला दुखलं, हे खोटं सांगत नाही. पण नंतर अंग बधिर झालं. आता रोज दुपारी बातम्या संपल्या की दोघं मिळून धागा सरकवू लागले. हिरवा देश पाहता पाहता धाग्यामागे गेला. त्याची राजधानी पडली त्या दिवशी दुकानात इतकी गर्दी झाली की केस कापायला जागा उरली नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. एवढा मान मला शाळेतही मिळाला नव्हता. पण खरं सांगू, त्या मानाची मला भीतीच वाटली.

लवकरच आमचाही देश युद्धात ओढला गेला. समुद्रावर धागा बांधता येत नाही, म्हणून बुडालेल्या जहाजांसाठी मास्तर पेन्सिलीने फुल्या मारत. माझे निळे समुद्र फुल्यांनी भरून गेले. त्या फुल्या मामांच्या दुकानातही दिसू लागल्या, कारण साबण जहाजाने यायचा. फेस आधी पातळ झाला, मग नुसता नावापुरता उरला. "मामा, दाढी करताय की सोलताय?" पाववाला ओरडायचा. "आणि तुझ्या पावात पीठ घालतोस की भुसा?" मामा विचारायचे. दोघंही हसायचे. हसण्याला अजून तुटवडा आला नव्हता.

मामांना एकच मुलगा. इतका उंच की दारातून वाकून यायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव लांब्या ठेवलं होतं. वडिलांच्या हाताखाली शिकून तो केस छान कापायचा, फक्त बुटक्या गिऱ्हाइकांसाठी त्याला कमरेतून मोडावं लागे. त्याला सैन्यात बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने आपल्या जुन्या सदऱ्याचं एक पांढरं बटण तोडलं, टाचणीत ओवलं आणि माझ्यावर, आमच्या गावाच्या जागी, टोचलं.

"बाबा, हा मी. मी जाईन तिथे मला हलवत राहा."

"आणि आम्हाला कसं कळायचं तू कुठे आहेस ते?" मामांनी विचारलं.

"मास्तर शोधून काढतील. त्यांना सगळं माहीत असतं."

मास्तर त्या वेळी चष्मा पुसत राहिले.

मामी तोवर माझ्याकडे फिरकत नसे. "सगळी पुरुषांची नसती उठाठेव," असं तिचं मत. पण लांब्या गेल्यावर ती रोज सकाळी फडकं घेऊन यायची, माझ्या दांड्या पुसायची आणि जाता जाता त्या बटणावर एक बोट टेकवायची. तिच्या बोटाला पिठाचा वास असे. त्याची पत्रं आणि बातम्या ताडून मास्तर सांगत तसं बटण आधी समुद्रावरून दक्षिणेकडे गेलं, मग नारंगी देशाच्या डोंगरांत जाऊन थांबलं.

तोवर युद्धाने माझं अर्धं अंग व्यापलं होतं. पिवळा देश जांभळ्या देशात खोल घुसला. माझ्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे बेटं सांडल्यासारखी पसरली आहेत, तिथेही आग लागली. लाल लोकर संपली. मामीने आपला लाल स्वेटर उसवायला घेतला. एका बाहीत जांभळा देश पुरला, दुसरीत बेटं. पाठीची लोकर तिने राखून ठेवली. म्हणाली, "हे एवढ्यात संपायचं दिसत नाही."

आणि मग नारंगी देशातल्या आघाडीची बातमी आली. आपली फौज मागे हटली होती, पार किनाऱ्यापर्यंत. थोड्याच दिवसांत पोस्टमन आला, पण टोपी काढून दारातच उभा राहिला. त्याला फार बोलावं लागलं नाही. लांब्या बेपत्ता होता. मेलेल्यांत नव्हता, परतलेल्यांत नव्हता.

मित्रांनो, त्या दुपारी मामांनी धागा हलवला, पण एक विचित्र गोष्ट केली. सगळीकडे त्यांनी तो किनाऱ्याकडे ओढला, फक्त डोंगरात बटणाच्या पलीकडून एक फुगवटा तसाच ठेवला. धाग्याच्या पोटात ते बटण आपल्या बाजूला राहिलं. मी पहिल्यांदाच खोटा झालो होतो.

गिऱ्हाइकांच्या ते लगेच लक्षात आलं. पाववाला उलट मुद्दाम म्हणायचा, "तिथे डोंगरात आपले लोक चांगलेच तग धरून आहेत हो." एकदा मास्तरांना राहवलं नाही.

"मामा, तो धागा मागे घ्यायला हवा."

"का घ्यायला हवा?"

"कारण तो खरा नाही."

"तुमचं जग तुमच्या शाळेत न्या परत!" मामा ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनिशी चिडीचूप बसला. मास्तरांनी काठी उचलली आणि ते निघून गेले. काही दिवस ते आलेच नाहीत. धागा सरकायचा बंद झाला. माझ्यावर धूळ बसू लागली आणि मी झोपेत असल्यासारखा लोंबकळत राहिलो.

शेवटी एका सकाळी मामी आली, ती फडकं न घेता. मामा दुकान उघडत होते. तिने बाक ओढला, त्यावर चढली आणि तो फुगवटा स्वतःच्या हाताने सोडवला. मामा धावले.

"अगं, काय करतेस?"

"दोरा खरा करतेय."

"म्हणजे तो गेला असं म्हणायचंय तुला?"

"तो गेला असं मी कुठे म्हटलं?" तिने धागा किनाऱ्यापर्यंत नेला, टाचणी पक्की रोवली. बटण आता एकटं पलीकडे राहिलं. तिने त्याला हात लावला नाही. "तो शत्रूच्या मुलखात आहे. एकटा आहे, आणि आपण इथे बसून त्याला सांगतोय की तू सुखरूप आहेस. त्याची आठवण काढायची तर तो जिथे आहे तिथली काढू या. जा, मास्तरांना बोलावून आणा. आणि माफी मागा."

मामा गेले. दोघं परत आले तेव्हा कुणाचेच डोळे कोरडे नव्हते. बातम्या लागल्या, आणि धागा पुन्हा सरकू लागला.

तो हिवाळा फार लांबला. जांभळ्या देशातल्या नदीकाठच्या एका शहरापाशी धागा येऊन थबकला, तो हलेचना. रोज तेच शहर, तोच रस्ता, तेच घर. मास्तर म्हणत, तिथे एका जिन्याच्या वरच्या पायरीवर एक फौज आहे आणि खालच्या पायरीवर दुसरी. मला स्वप्नं पडायची ती पांढरी. माझ्या सगळ्या रंगांवर बर्फ पडतोय आणि बर्फाखालून कुणीतरी हाका मारतंय. मग एका दुपारी बातम्या ऐकून मास्तर उठले आणि म्हणाले, "वळला." धागा वळला होता. नदीवरून तो उलट्या दिशेने, पश्चिमेकडे निघाला. दुकानात कुणी जल्लोष केला नाही. मामांनी फक्त हुश्श केलं आणि खुर्चीत स्वतःच बसले.

पण वळलेलं युद्धही युद्धच असतं. विमानं आमच्या गावावरही आली. भर सकाळी एक बॉम्ब गल्लीच्या तोंडाशी पडला. आरशाला आडवा तडा गेला, काचेचा एक तुकडा माझ्या महासागरात घुसला. ती चीर अजून आहे. पण पाववाल्याची भट्टी आणि पाववाला दोन्ही नाहीसे झाले. संध्याकाळी मामांनी त्याचा दाढीचा ब्रश धुतला, वाळवला आणि कपाटात ठेवून दिला.

आमची विमानंही पिवळ्या देशावर जात होती. जिथे बॉम्ब पडले तिथे मास्तर काळ्या डोक्याची टाचणी लावत. आधी आपल्या गावांना लावली, मग त्यांच्या. "काळी टाचणी कुणाची बाजू बघत नाही," ते म्हणत. पिवळा देश काळा दिसू लागला.

त्याच दिवसांत गल्लीतला ढिगारा उपसायला शत्रूचे कैदी आणले. एका दुपारी पहाऱ्यावरचा शिपाई त्यांतल्या एकाला घेऊन दुकानात आला. "उवा झाल्यात. बारीक करा," तो म्हणाला. कैदी जेमतेम विशीचा. कान कढईच्या कड्यांसारखे बाहेर आलेले. बाकावरचा एक माणूस त्याला पाहून उठला आणि थुंकून बाहेर गेला. मामांनी कापड झटकलं, त्याच्या गळ्याभोवती बांधलं. पाववाला जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी मामांच्या हाताकडे पाहत होतो. त्यांनी कात्री उचलली आणि कचकच सुरू केली.

केस खाली पडत गेले. आरशात त्या मुलाला मी दिसलो, उलटा. त्याने मान वळवून मला पाहिलं आणि एकदम त्याचा चेहरा फुलला. खुणेने परवानगी मागून तो उठला, तसाच कापडासकट. त्याचं बोट पिवळ्या देशावरून फिरलं, एका नदीपाशी थांबलं, तिच्या वळणावरून खाली आलं. घर दाखवायचं होतं त्याला. बोट टेकलं तिथे काळी टाचणी होती.

तो वळला आणि त्याच्या भाषेत एक शब्द म्हणाला. शब्द कुणाला कळला नाही, प्रश्न सगळ्यांना कळला. मामांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मामी उंबऱ्यात उभी होती. तिने मान हलवली, हो म्हणून. मग मामांनी छताकडे बोट केलं आणि उघडा पंजा हळूहळू खाली आणला.

मुलगा उभाच राहिला. मामीने पुढे होऊन त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "बस, बाळा, बस," ती आपल्याच भाषेत म्हणाली.

"झालं का? चला," शिपाई म्हणाला.

"मानेवरचे केस राहिलेत अजून," मामा म्हणाले.

मानेवर एकही केस राहिला नव्हता. पण मामा त्याच्या पाठीमागे उभे राहून कितीतरी वेळ रिकामी कात्री चालवत राहिले, आणि कापडाखाली त्या मुलाचे खांदे हलत राहिले. बाकावरचे सगळे रस्त्याकडे तोंड करून बसले होते. शिपाईसुद्धा.

पुढचं लवकर घडलं. हिरव्या देशाच्या किनाऱ्याला आपल्या बाजूच्या हजारो नावा लागल्या, धागा दोन्हीकडून आवळत आला आणि पिवळ्या देशाच्या राजधानीभोवती त्याची गाठ बसली. नारंगी देश कधीच सुटला होता. बटण पुन्हा आपल्या बाजूला आलं होतं, पण त्या डोंगरांतून काहीच खबर आली नव्हती. सर्वांत शेवटी बेटांकडची बातमी आली. एकच बॉम्ब आणि एक अख्खं शहर. मास्तरांनी काळी टाचणी हातात घेतली, बराच वेळ माझ्यासमोर उभे राहिले आणि ती परत डबीत टाकली. "याच्यासाठी माझ्याकडे टाचणी नाही," ते म्हणाले. ते त्यानंतर माझ्याजवळ कधी आले नाहीत, बाकावरच बसायचे.

लांब्या आला तो युद्ध संपल्यावर, एका साध्या दिवशी, भर दुपारी. दारातून वाकून आला म्हणूनच ओळखू आला. बाकी त्याच्यात उंचीशिवाय काही उरलं नव्हतं. मामांच्या हातातून वाटी पडली. मामी आतून धावत आली आणि त्याच्या छातीवर कपाळ टेकून उभी राहिली. मी इतका आनंदलो की भिंतीवर मला राहवेना. आता तो माझ्याकडे येईल, मला वाटलं.

मामांनी त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. त्याने डोळे उघडले आणि आरशात मी दिसलो. धागे, टाचण्या, फुल्या, सगळं.

"बाबा," तो म्हणाला, "तो काढा."

मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. त्याची ती वर्षं माझ्यावर नखाएवढ्या जागेत मावली होती. ती त्याने चालून काढली होती. मामांनी एकेक टाचणी उपटली, मामीने लोकर गुंडाळली, आणि मला गुंडाळून घरातल्या कपाटावर ठेवलं. तिथे मी पुष्कळ वर्षं झोपलो. खालून कधी बारशाचा गलका ऐकू यायचा, कधी रडणं. मास्तर गेले. मग मामा. दुकान लांब्या चालवू लागला. माझ्या गुंडाळीत झुरळांनी संसार थाटला, रंग उडाला. मला वाटलं, आता मी असाच विरून जाणार.

परवा लांब्याची नात स्टुलावर चढली आणि तिने मला खाली ओढलं. धुळीने तिला शिंका आल्या. तिने मला जमिनीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या आणि हाक मारली, "आजोबा, इकडे या! तुम्ही कुठे होता हो, युद्धात?"

घरातले सगळे दचकले. हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नसे. लांब्या दारात उभा राहिला. मग गुडघ्यावर हात ठेवत, मोडत मोडत माझ्याशेजारी बसला. त्याचं बोट नारंगी डोंगरांवरून सरकलं, कैद्यांच्या छावणीवरून, तिथून पळाल्यावरच्या वाटेवरून. तो फार कमी बोलत होता. एके ठिकाणी तो थांबला आणि वाकून शोधू लागला.

"इथे एक तळं होतं. यात दाखवलेलं नाही."

"मग काढा ना," ती म्हणाली आणि तिने आपली निळी पेन्सिल पुढे केली.

त्याने जपून, जीभ दातांत धरून, एक छोटं तळं काढलं. "आम्ही काही जण झाडीत लपलो होतो. दुपारी ऊन पडलं. कपडे काढून आम्ही सगळे पाण्यात उतरलो आणि वेड्यासारखे हसत होतो. का, ते आठवत नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं गुंडाळून ठेवलं असेल तर ओलीपासून जपा, कधी तरी उन्हात पसरा आणि घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून घ्या. घाई करू नका. माझ्यावरच्या सगळ्या जागा कुणीतरी लांबून मोजून छापल्या. जो तिथे गेला होता त्याने स्वतःच्या हाताने काढलेली ही पहिलीच जागा.

"आजोबा, मासे होते त्यात?" नातीने विचारलं.

"होते की. पायाला गुदगुल्या करायचे."

तिने पेन्सिल घेतली आणि तळ्यात एक मासा काढला. तो तळ्यापेक्षा मोठा झाला.